‘माणूस’ ते ‘पिंजरा’ : एका थोर दिग्दर्शकाच्या उत्तरार्धाविषयी

१९३७ सालच्या ‘कुंकू’ या चित्रपटातील काकासाहेब नावाचे वृद्ध वकील आपले पांढरे केस लपवण्याची धडपड करतात. केशवराव दाते यांनी उभे केलेल्या या गृहस्थाचे आधी हसू येते, मग कीव येते, आणि अखेरीस त्याच्याबद्दल अनपेक्षित आदरही वाटू लागतो. फसवून बोहल्यावर चढवलेली तरुण नीरा त्याला पती मानण्यास ठाम नकार देते आणि त्या नकाराच्या आरशात या माणसाला स्वतःचे खरे वय दिसते. चोवीस वर्षांनी, १९६१ साली, त्याच दिग्दर्शकाने शकुंतलेची कथा ‘स्त्री’ या नावाने पडद्यावर आणली आणि तरुण राजा दुष्यंताची भूमिका स्वतः केली. त्या वेळी व्ही. शांताराम साठीच्या उंबरठ्यावर होते. ‘कुंकू’ पाहिलेल्या रसिकाला ‘स्त्री’ पाहताना जो अवघडलेपणा येतो, तोच या लेखाचा विषय आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही अल नस्रमधील काही कुटुंबांनी शुक्रवारच्या सुट्टीत एकत्र बसून शांतारामांचे चित्रपट काळाच्या क्रमाने पाहिले. पंचशील व त्रिशरण झाल्यावर चित्रपट आणि चित्रपटानंतर चहा व चर्चा, असा साधा परिपाठ होता. आमच्यात साठी ओलांडलेले होते, तसेच दोहातच जन्मलेली आणि शाळेच्या इंग्रजीत विचार करणारी मुलेही होती. पहिल्या काही आठवड्यांत वडीलधाऱ्यांपेक्षा मुलेच अधिक रंगली. पुढे जसजशी वर्षे सरकत गेली आणि पडदा रंगीत होत गेला, तसतशी खोलीतली कुजबुज वाढली. ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ (१९७१) लावला तेव्हा मुले उठून गेली आणि मोठी माणसे केवळ भिडेखातर बसून राहिली. इतक्या मोठ्या प्रतिभेचे हे असे का व्हावे, याचा विचार आम्ही त्यानंतर अनेक दिवस करीत होतो. तो येथे मांडत आहोत.

कोल्हापूरची माती

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १९०१ साली कोल्हापूरचा. ज्या संस्थानात १९०२ साली राजर्षी शाहू महाराजांनी मागास समाजांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच संस्थानात हा मुलगा लहानाचा मोठा झाला. १९२० च्या मार्च महिन्यात माणगावची परिषद भरली आणि शाहू महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांकडे बोट दाखवून अस्पृश्य समाजाला सांगितले की तुम्हांला तुमचा नेता मिळाला आहे. त्याच वर्षी शांताराम बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करण्यासाठी दाखल झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. मात्र दोघांच्याही भोवतीची हवा एकच होती. त्या हवेत माणसाची किंमत जन्मावरून ठरवण्याच्या रीतीला प्रथमच उघड प्रश्न विचारले जात होते.

बाबुराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटात शांतारामांनी कर्जात बुडून जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची भूमिका केली. पौराणिक कथांच्या गर्दीत एक शेतकरी पडद्यावर आला, हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. १९२९ साली विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट आला आणि पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. ज्या आवारात आज राष्ट्रीय चित्रपट संस्था उभी आहे, तेथेच प्रभातचा स्टुडिओ होता.

प्रभातची तेरा वर्षे

या तेरा वर्षांतील कामाबद्दल आम्हांला जो आदर वाटतो, तो आधी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. नाहीतर पुढील तक्रारीला अर्थ उरणार नाही.

‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये नरबळी व पशुबळी बंद करणारा राजा आणि त्याच्या नाशाचा कट रचणारा राजगुरू यांचा संघर्ष आहे. चंद्रमोहन यांचा एकच डोळा संपूर्ण पडदा व्यापतो, तेव्हा धर्मसत्तेचा सारा दरारा आणि सारी क्रूरता शब्दांवाचून कळते. यज्ञातील हिंसेला तथागतांनी केलेला विरोध ज्यांना ठाऊक आहे, अशा आमच्यासारख्या प्रेक्षकांना हा चित्रपट विशेष जवळचा वाटला.

‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, दाराची करकर, रस्त्यावरचे आवाज एवढ्यावरच घराची घुसमट उभी राहते. शांता आपटे यांची नीरा रडत बसत नाही. ती पुन्हा पुन्हा, कधी हसून तर कधी चिडून, नाही म्हणते. आमच्या गटातील एक पंधरा वर्षांची मुलगी म्हणाली, “ही तर आजच्या काळातली वाटते.” ज्या चित्रपटाला ऐंशीहून अधिक वर्षे झाली, त्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते द्यावे?

‘माणूस’ (१९३९) आम्ही दोनदा पाहिला. गणपत नावाचा साधा पोलीस शिपाई वेश्यावस्तीतील मैनेला छाप्यातून वाचवतो, तिच्यावर प्रेम करतो, तिला आपल्या आईपुढे नेतो. परंतु त्या सोज्वळ घराच्या उंबरठ्यावर मैनेचेच पाऊल अडखळते. समाजाने तिच्या मनात खोल पेरलेली अपवित्रतेची भावना तिला घरात येऊ देत नाही. बाहेरची बंधने तुटली तरी आतील बेडी कशी तुटत नाही, याचे इतके अचूक दर्शन आम्ही फार थोड्या भारतीय चित्रपटांत पाहिले आहे. त्याच सुमारास प्रेमभंगाने झुरत दारूत बुडणाऱ्या देवदासाने सारा देश भारावला होता. शांतारामांनी त्याला उत्तर दिले की माणूस झुरण्यासाठी जन्मलेला नाही. दुःख गिळून त्याने पुन्हा कामावर जावे. शाहू मोडक यांचा गणपत अखेरीस तेच करतो.

आणि ‘शेजारी’ (१९४१). जीवबा आणि मिर्झा या दोन म्हाताऱ्या मित्रांमध्ये धरणाच्या मालकाने पेरलेला वैरभाव आणि फुटणाऱ्या धरणावरचे त्यांचे शेवटचे मीलन. पाकिस्तानच्या मागणीचा लाहोर ठराव होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. हिंदी आवृत्तीत हिंदू म्हाताऱ्याची भूमिका मझहर खान यांनी आणि मुसलमान म्हाताऱ्याची भूमिका गजानन जागीरदार यांनी केली. अल नस्रच्या ज्या इमारतीत आमची मुले वाढतात, तेथे एका मजल्यावर मलबारी, दुसऱ्यावर पेशावरी आणि तिसऱ्यावर इजिप्तचे कुटुंब राहते. त्यांना हा चित्रपट समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

‘धर्मात्मा’ आणि बाबासाहेबांची टिप्पणी

आंबेडकरी वाचकाला माहीत असावी, पण फारशी बोलली न जाणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. शांतारामांच्या एका चित्रपटावर स्वतः बाबासाहेबांनी लिहिले आहे.

तो चित्रपट म्हणजे ‘धर्मात्मा’ (१९३५). संत एकनाथांच्या जीवनावरील या चित्रपटात बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ असे होते. ते नाव गांधीजींकडे निर्देश करते म्हणून परीक्षण मंडळाने हरकत घेतली आणि नाव बदलावे लागले. अस्पृश्याला जवळ घेणारे, त्याच्या घरी जेवणारे एकनाथ हा चित्रपटाचा गाभा आहे. याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथाच्या १९३७ च्या आवृत्तीत गांधीजींच्या आक्षेपांना उत्तर देताना बाबासाहेब या चित्रपटाचा नाव घेऊन उल्लेख करतात. ‘धर्मात्मा’त एकनाथ धैर्यवान नायक म्हणून दिसत असले, तरी त्यांनी अस्पृश्यांना स्पर्श केला आणि त्यांच्यासोबत भोजन केले, ते जातीला व अस्पृश्यतेला विरोध म्हणून केले नाही; त्यातून होणारा विटाळ गंगेच्या स्नानाने धुऊन निघतो अशी त्यांची धारणा होती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. त्याच उत्तरात ते आणखी एक मर्मभेदी गोष्ट सांगतात. संतांनी माणूस आणि देव यांच्या नात्याचा विचार केला, माणसामाणसांतील झगड्याचा केला नाही. आणि समाजाने संतांना वंदन केले, पण त्यांचे अनुकरण केले नाही. संत पूजनीय ठरला, अनुकरणीय ठरला नाही.

आम्हांला वाटते, शांतारामांच्या पुढच्या साऱ्या प्रवासाची किल्ली या टिप्पणीत आहे. ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ येथे सामान्य माणसे एकमेकांशी वागताना चुकतात, झगडतात, सावरतात. त्यांच्यात संत कोणी नाही. ‘धर्मात्मा’त मात्र एक उन्नत पुरुष आहे आणि बाकीचे त्याच्या करुणेचे विषय आहेत. शांतारामांच्या पूर्वार्धात हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. उत्तरार्धात पहिला आटला आणि दुसरा पसरत गेला.

परळचा दरवाजा

१९४२ साली शांतारामांनी प्रभात सोडली आणि मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभारले. वडील राजाराम आणि आई कमळा यांच्या नावांवरून स्टुडिओचे नाव ठेवले.

परळ या नावाने आमच्या वाचकांच्या मनात काय जागे होते, हे आम्ही वेगळे सांगायला नको. पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीतल्या लहानशा खोल्यांत बाबासाहेबांनी अनेक वर्षे संसार आणि अभ्यास केला. परळच्याच दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम चाले. गिरण्यांचे भोंगे, चाळी, कामगारांचे मोर्चे, जलशांचे आवाज, सारे राजकमलच्या फाटकापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. ‘माणूस’च्या दिग्दर्शकाला याहून समृद्ध शेजार मिळाला नसता. परंतु फाटकाच्या आत कण्वमुनींचा आश्रम उभा राहिला. राजकमलचा पहिला चित्रपट ‘शकुंतला’ (१९४३) होता.

तरीही आरंभीची राजकमल सर्वस्वी निराळी नव्हती. चीनमध्ये युद्धातील जखमींची सेवा करताना प्राण वेचणाऱ्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर त्यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला आणि त्यांची भूमिका स्वतः केली. हुंड्यावर ‘दहेज’ (१९५०) काढला. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) ने रंग आणि नृत्य यांची अशी आतषबाजी केली की देशभर रांगा लागल्या. यशाची ही चव नंतर जिभेवरून गेली नाही.

मग आला ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग आणि ग. दि. माडगूळकरांची कथा यांतून तो घडला. सहा खुनी कैद्यांना उघड्या माळावर नेऊन शेती करायला लावणारा जेलर आदिनाथ, ही भूमिका शांतारामांचीच. काळ्या मातीत राबणारे ते बारा हात आजही नजरेसमोरून हलत नाहीत. हे त्यांचे अखेरचे मोठे काम, असे बहुतेक समीक्षक मानतात आणि आम्हीही मानतो.

परंतु याच चित्रपटावर आमच्या गटात सर्वाधिक वाद झाला. कैदी जेव्हा जेव्हा वाट सोडू पाहतात, तेव्हा तेव्हा जेलरचे दोन डोळे त्यांना रोखतात. जेलर मेल्यावरही ते डोळे आकाशातून पाहतच राहतात. म्हणजे बदल घडतो तो वरून पाहणाऱ्या पुण्यवंताच्या नजरेने. आमच्यातील एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, “१९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोक कोणाच्या नजरेच्या धाकाने उभे राहिले होते? त्यांना तर स्वतःच दीप व्हा, असे सांगितले गेले होते.” दीक्षाभूमी आणि हा चित्रपट यांच्यात एकाच वर्षाचे अंतर आहे. एका बाजूला आपल्या निर्णयाने माणूस झालेला समाज आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी माणूस केलेले सहा जण. कैद्यांचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न वेगळा आहे, हे आम्ही जाणतो. पण दिग्दर्शकाची नजर समोरून वर सरकली, हे येथे स्पष्ट दिसते.

याच चित्रपटाच्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यातून बरे झाल्यावर त्यांनी ‘नवरंग’ (१९५९) काढला. पत्नीच्या साध्या रूपात न सापडणारी मोहिनी कल्पनेत रचणाऱ्या कवीची ती कथा. रंगांचा तो उत्सव कोणालाही भुरळ घालील. पण ज्या दिग्दर्शकाने एका घड्याळाच्या टिकटिकीतून एका स्त्रीचा श्वास ऐकवला, त्याने पुढे स्त्री म्हणजे शोभेची वस्तू करून टाकली. ‘स्त्री’, ‘सेहरा’, ‘लडकी सह्याद्री की’, ‘जल बिन मछली’ अशी ती रांग लांबत गेली. गाणी कानांत राहिली, माणसे लक्षात राहिली नाहीत.

पिंजऱ्यात कोण?

१९७२ चा ‘पिंजरा’ आला आणि शांतारामांनी मराठी प्रेक्षकाला पुन्हा चित्रपटगृहाकडे ओढून आणले. डॉ. श्रीराम लागूंसारखा अभिनेता त्याने मराठी पडद्याला दिला, निळू फुले यांचे काम अविस्मरणीय झाले, जगदीश खेबुडकर व राम कदम यांच्या लावण्या घरोघरी पोचल्या. ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाचा धागा त्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यात सहज विणला. आदर्श गाव घडवणारा शिक्षक, नदीपलीकडे उतरलेला तमाशाचा फड, नर्तकी चंद्रकला, गुरुजींचे घसरणे आणि अखेर आपल्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जाणे. गावाच्या मनातील आदर्श मोडू नये म्हणून गुरुजी सत्य दडवून मरण पत्करतात.

हा चित्रपट पाहताना आमच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. गुरुजींचा पिंजरा दिग्दर्शकाला दिसला. चंद्रकलेचा का दिसला नाही? तमाशाच्या फडावर पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या बायका उभ्या राहिल्या, हे महाराष्ट्रात गुपित नाही. महार, मांग, कोल्हाटी घरांतल्या मुलींच्या पायांत चाळ कोणी बांधले, त्यांच्या कलेवर जगणारे आणि त्यांनाच नासलेल्या ठरवणारे गाव कोणाचे होते, याबद्दल ‘पिंजरा’ एक शब्द काढत नाही. १९३९ साली मैनेच्या मनात शिरून पाहणाऱ्या दिग्दर्शकाला १९७२ साली चंद्रकला केवळ मोहाचे जाळे वाटते.

त्याच काळात विठाबाई नारायणगावकर गावोगाव फड घेऊन हिंडत होत्या. त्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाचाच बाज घेऊन आंबेडकरी जलसा उभा केला होता. गण आणि गवळण बाजूला सारून त्यांनी शिक्षण, संघटना, स्वाभिमान यांची गाणी रचली. अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाचे लोकनाट्य केले. ज्या कलेला ‘पिंजरा’ अधःपाताचे कारण ठरवतो, त्याच कलेने एका समाजाला उभे केले होते; आणि ते परळच्याच परिसरात घडले होते. आणि १९७२ हेच वर्ष दलित पँथरच्या स्थापनेचे, नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’चे. मुंबईच्या एका टोकाला मैनेच्या वस्तीतील माणसे स्वतःच्या भाषेत बोलू लागली होती. दुसऱ्या टोकाला मैनेचा निर्माता त्यांच्याकडे पाठ करून लावणी रंगवत होता.

हा प्रश्न आम्हांला परदेशात अधिक बोचतो. दरवर्षी मे महिन्याच्या आसपास महाराष्ट्र दिनाचे कार्यक्रम ठरतात आणि कोणीतरी प्रेमाने सुचवते की तुमच्या मुलींना ‘पिंजरा’तली लावणी बसवू या. सुचवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. परंतु आमच्यातल्या काही घरांत आजीने किंवा पणजीने जे चाळ महत्प्रयासाने सोडले, ते नातीने मखमली पडद्यापुढे हौसेने बांधावेत का, या प्रश्नावर रात्र रात्र चर्चा होते. काही घरे नको म्हणतात. काही म्हणतात, कला आपली आहे, लाज त्यांची होती; आपण ती मान ताठ ठेवून नाचू. दोन्ही उत्तरांमागे विचार आहे. मुलींना त्या कलेचा खरा इतिहास न सांगता नाचवणे तेवढे आम्हांला मान्य नाही.

असे का झाले?

वयामुळे झाले, असे सर्वांत सोपे उत्तर दिले जाते. ते पटत नाही. जपानचे अकिरा कुरोसावा यांनी पंचाहत्तराव्या वर्षी ‘रान’सारखा प्रचंड ताकदीचा चित्रपट केला. उलट ‘मॉडर्न टाइम्स’ करणाऱ्या चॅप्लिन यांचा अखेरचा चित्रपट त्यांच्या चाहत्यांनाही मनापासून आवडला नाही. वय दोघांचेही वाढले, फळ वेगळे आले.

रंगीत फितीने झाले, असेही म्हटले जाते. तेही अपुरे आहे. रंग हे साधन आहे. कृष्णधवल काळातही भपकेदार चित्रपट होतेच.

आम्हांला मुख्य कारण कामाच्या रचनेत दिसते. प्रभात ही भागीदारांची कंपनी होती. दामले ध्वनी पाहत, फत्तेलाल कलादिग्दर्शन पाहत, आणि दोघे मिळून ‘संत तुकाराम’ (१९३६) सारखा व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला चित्रपटही करीत. ना. ह. आपटे, अनंत काणेकर, विश्राम बेडेकर यांसारखे लेखक शांतारामांसोबत होते. एकाच छताखाली तोलामोलाची माणसे होती आणि त्यांना ‘हे जमले नाही’ असे म्हणण्याचा अधिकार होता. राजकमलमध्ये मालक, निर्माता, दिग्दर्शक आणि अनेकदा नायकही एकच होता. अशा घरात कौतुकाला तोटा नसतो. नकार द्यायला मात्र कोणी उरत नाही. जो माणूस नीरेचा नकार इतक्या समजुतीने चित्रित करू शकला, त्याच्याच भोवती नकार देणारे कोणी राहिले नाही, हे दुःखद आहे.

दुसरे कारण प्रेक्षकांकडे, म्हणजे आपल्याकडेही येते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेलही, राजकारणात मात्र ती अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. कलेच्या क्षेत्रातही हे फारसे वेगळे नाही. नावासाठी रांगा लावणारा प्रेक्षक कलावंताला जागे ठेवत नाही. शांतारामांना १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले, आणि ते सारे त्यांना शोभणारेच होते. पण ‘माणूस’चा वारसा पुढे कोणी चालवायचा, हा प्रश्न सत्कारांच्या हारांखाली दबून गेला. बाबासाहेब संतांबद्दल जे म्हणाले, ते या दिग्दर्शकाच्या बाबतीतही घडले. वंदन झाले, अनुकरण झाले नाही.

आपल्यापुढचा प्रश्न

कोणी विचारील की १९९० साली निधन पावलेल्या दिग्दर्शकाचा हिशेब आता दोहात बसून का मांडावा. त्याचे कारण आमच्या घरांत आहे. ‘फँड्री’ (२०१३) मधील जब्याने फेकलेला दगड आमच्या मुलांनी पाहिला आहे. ‘झुंड’ (२०२२) मध्ये वस्तीतली मुले आणि भीमजयंतीचा जल्लोष मोठ्या पडद्यावर पाहून आमच्यातल्या अनेकांचे डोळे भरून आले. ज्यांच्यापुढे पूर्वी कॅमेऱ्याची पाठ होती, ते आता कॅमेऱ्यामागे उभे आहेत. नागराज मंजुळे यांच्यासारख्या कलावंतांवर आमचे प्रेम आहे आणि म्हणूनच त्यांच्यासाठी आम्हांला चांगला प्रेक्षक व्हायचे आहे. आपला माणूस आहे म्हणून प्रत्येक कृतीला टाळ्या वाजवणारा प्रेक्षक त्यांना राजकमलच्या फाटकाआड ढकलील. आणि आपला माणूस आहे म्हणून प्रत्येक चौकटीत साऱ्या समाजाचे ओझे वाहायला लावणारा प्रेक्षक त्यांचा श्वास कोंडील. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे चिकित्सा. कोणी सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू आहे म्हणून स्वीकारू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले. चित्रपटाबाबतही तेच लागू आहे.

शांतारामांवरील आमचे प्रेम या साऱ्या तक्रारीनंतर कमी झालेले नाही. ते जागेवर आले आहे. ‘जल बिन मछली’ पुन्हा पाहण्याची इच्छा आमच्यापैकी कोणालाही नाही. ‘पिंजरा’ मात्र पुन्हा पाहणार आहोत, तोही विठाबाईंच्या आणि भीमराव कर्डकांच्या माहितीसह, म्हणजे मुलांना चंद्रकलेची न सांगितलेली बाजूही कळेल.

ज्या कुटुंबांना आरंभ करायचा असेल, त्यांना आम्ही सुचवू की आधी ‘कुंकू’ आणि ‘शेजारी’ पाहावेत. दोन्ही मुलांबरोबर बसून पाहता येतात. ‘धर्मात्मा’ची कथा सांगताना बाबासाहेबांचे उत्तर सोबत वाचावे. ‘दो आँखें बारह हाथ’ पाहिल्यावर मुलांना एवढेच विचारावे की त्या सहा जणांवर कोणाची नजर नसती, तर ते काय करू शकले असते. आणि ‘माणूस’ सर्वांत शेवटी पाहावा, कारण त्यानंतर दुसरे काही पाहण्याची इच्छा काही काळ होत नाही. मैना उंबरठ्याशी थबकते त्या प्रसंगी चित्र थांबवू नये, बोलू नये. चर्चा नंतर चहाबरोबर होईल.

सर्व वाचकांस सप्रेम जय भीम, नमो बुद्धाय.